ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यावं की थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) असलेला पाच-सहा वर्षांचा पीसी. बजेट ४५ हजारांच्या आसपास. रात्री गेम, सीझनमध्ये लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग आणि अधूनमधून ब्लेंडरमध्ये थ्रीडीचं काम. कार्ड लगेच घ्यावं, दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं, की पुढची पिढी येईपर्यंत कळ काढावी?

आधी उत्तर देतो, मग कारणं. काम अडत असेल तर आत्ता घ्या, १६ जीबी मेमरीचंच घ्या आणि सेलची वाट पाहू नका. १६५० वर भागत असेल तर खुशाल थांबा, पण स्वस्त होईल या आशेवर थांबू नका. कार्डाचा भाव सणावारामुळे फारसा हलत नाही आणि नव्या मॉडेलच्या घोषणेनंही दर वेळी हलत नाही. वितरकांच्या गोदामात किती माल पडून आहे, यावर तो हलतो. तो साठा बाहेरून कसा ओळखायचा हे कळलं की वेळ निवडणं बरंच सोपं होतं.

"नवं आलं की जुनं स्वस्त होतं" हा सल्ला सगळेच देतात. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाच्या कार्डांच्या पिढ्या साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी येतात: २०-मालिका सप्टेंबर २०१८, ३०-मालिका सप्टेंबर २०२०, ४०-मालिका ऑक्टोबर २०२२, ५०-मालिका जानेवारी २०२५. या तारखा हाताशी धरून खरेदी आखणाऱ्यांना २०२२ मध्ये फायदा झाला आणि २०२४-२५ मध्ये तोटा. दोन्ही वेळा नेमकं काय घडलं ते पाहण्यासारखं आहे.

२०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे (कार्डांवर आकडेमोड करून आभासी चलन मिळवण्यामुळे) कार्डं मिळेनाशी झाली होती. ३०-मालिकेतलं ६९९ डॉलरचं ३०८० दुप्पट किमतीला विकलं जात होतं. कंपन्यांनी उत्पादन वाढवलं, माल वाटेत होता, आणि तेवढ्यात २०२२ मध्ये क्रिप्टोचे भाव पडले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धतच बंद केली. नवा माल गोदामात तुंबला आणि मायनिंगमधून निघालेली जुनी कार्डं बाजारात ओतली गेली. त्या ऑगस्टमध्ये एन्व्हिडियाने नको तेवढ्या साठ्यापोटी सुमारे १.३२ अब्ज डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला होता. ३०-मालिका आणि प्रतिस्पर्धी एएमडीची ६०००-मालिका स्वस्त झाली ती या तुंबलेल्या मालामुळे. ४०-मालिका त्याच सुमारास आली, म्हणून श्रेय तिला मिळालं.

२०२४ च्या शेवटी उलटं झालं. ५०-मालिका यायच्या काही महिने आधीच ४०-मालिकेतल्या वरच्या कार्डांचं उत्पादन आवरतं घेतलं गेलं. दुकानांतला साठा आटला आणि १५९९ डॉलरला जाहीर झालेलं ४०९० दोन वर्षांनी त्याहून महाग विकलं जाऊ लागलं. जानेवारीत नवी कार्डं आली ती मूठभर. जुनं संपलेलं, नवं मिळत नाही किंवा जाहीर किमतीच्या बरंच वर. जे "नवं आल्यावर घेऊ" म्हणून बसले होते त्यांना वर्षभरातला सर्वांत वाईट भाव मिळाला.

म्हणजे नव्या पिढीच्या आधी जुनं कार्ड स्वस्त व्हायला जास्तीचा साठा असावा लागतो. तो नसेल तर पिढी बदलण्याआधीचे दोन-तीन महिने आणि नंतरचे दोन-तीन महिने हा खरेदीसाठी सर्वांत वाईट काळ असतो.

एका पिढीच्या आतही चांगला-वाईट काळ असतो. पहिले दीड-दोन महिने टंचाईचे. त्या काळात दोषही बाहेर पडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ५०९० आणि ५०७० टीआयच्या काही कार्डांत आरओपी युनिट (चित्राचे पिक्सेल शेवटी तयार करणारे चिपचे भाग) कमी निघाली. ५०९० मध्ये १७६ च्या जागी १६८, ५०७० टीआयमध्ये ९६ च्या जागी ८८. नंतर ५०८० मध्येही अशी कार्डं सापडली. एन्व्हिडियाने दोष मान्य केला आणि कार्ड बदलून देण्याची सोय केली. प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतं, पण पहिल्या लॉटचं गिऱ्हाईक होण्याची ही किंमत असते. त्याच महिन्यांत ड्रायव्हरमुळे स्क्रीन काळी पडण्याच्या तक्रारीही बऱ्याच होत्या.

चौथ्या-पाचव्या महिन्यापासून भाव जाहीर किमतीकडे येतो. सहाव्या ते पंधराव्या महिन्यापर्यंतचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. ड्रायव्हर स्थिरावलेले असतात, सगळ्या ब्रँडची मॉडेलं उपलब्ध असतात आणि कार्डाचं आयुष्यही पुढे शिल्लक असतं. ५०-मालिकेत हा काळ २०२५ च्या उत्तरार्धात येऊन गेला. अमेरिकेत ५०७० जाहीर किमतीला आणि काही वेळा तिच्याही खाली मिळत होतं.

आणि मग मेमरी महागली. ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरी चिप मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणारी मेमरीही याच तिघी बनवतात आणि तिथे नफा कितीतरी जास्त आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. याचा कार्डांवर होणारा परिणाम सगळीकडे सारखा नसतो, आणि तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते हेच. ५०६० टीआयच्या ८ जीबी कार्डावर चार चिप असतात, १६ जीबीवर आठ. एएमडीच्या ९०६० एक्सटीचंही तसंच. जाहीर किमतीतला फरक मात्र दोन्हीकडे फक्त ५० डॉलरचा. चिप महागल्या की या ५० डॉलरांत जादा चार चिप बसत नाहीत, मग कंपनी १६ जीबीचं उत्पादन कमी करते किंवा भाव वाढवते. मेमरीच्या टंचाईत स्वस्तातली १६ जीबी कार्डं सर्वांत आधी गायब होतात. "आत्ता घ्या" म्हणण्यामागे हे सर्वांत मोठं कारण आहे.

मग ८ जीबी घेऊन पैसे वाचवावेत का? तुमच्या पीसीवर नको. ५०६० टीआय आणि ५०६० ही दोन्ही कार्डं पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटेच्या) आठच लेन वापरतात. नव्या बोर्डावर त्यानं काही बिघडत नाही. बी४५० मात्र पीसीआय ३.० चा बोर्ड आहे, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग या कार्डांच्या ५.० च्या पाव. कार्डावरची मेमरी पुरते तोवर फरक किरकोळ राहतो. ८ जीबी भरली की उरलेला डेटा रॅममधून त्याच अरुंद वाटेनं ये-जा करतो आणि गेम मधूनमधून अडखळायला लागतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतो, पण खेळताना झटके बसतात. ब्लेंडरमध्ये मोठा सीन तर मेमरीत न मावल्यामुळे रेंडरच होत नाही (अंतिम चित्रच तयार होत नाही) किंवा कमालीचा मंदावतो. जुना बोर्ड आणि ८ जीबी हे एकत्र आणू नये.

आता भाव रास्त आहे की नाही हे तपासायचं कसं? याचं एक गणित आहे आणि ते बऱ्यापैकी नेमकं बसतं. अमेरिकेतली जाहीर किंमत करांशिवाय असते. तिला रुपयाच्या दरानं गुणा, १८ टक्के जीएसटी घाला, वर साधारण साडेपाच टक्के. पडताळून पाहा: जानेवारी २०२५ मध्ये डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता. ५०७० ची किंमत ५४९ डॉलर. ५४९ गुणिले ८६ म्हणजे ४७,२१४, जीएसटी धरून सुमारे ५५,७००, वर साडेपाच टक्के म्हणजे ५८,८०० च्या जवळ. एन्व्हिडियाने भारतासाठी जाहीर केलेली किंमत होती ५९,०००. ९९९ डॉलरच्या ५०८० ला हेच गणित लावलं की १,०७,००० येतात आणि जाहीर किंमतही तितकीच होती.

थोडक्यात, डॉलर ८६ ला असताना कार्डाच्या प्रत्येक डॉलरमागे १०७ रुपये, आणि ९० ला गेला की ११२ रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये रुपया नव्वदीपार गेला. त्यामुळे ३४९ डॉलरचं ९०६० एक्सटी १६ जीबी ३७,३०० वरून ३९,००० वर, आणि ४२९ डॉलरचं ५०६० टीआय १६ जीबी ४५,९०० वरून ४८,००० वर जातं. कंपनीनं एक डॉलरही वाढवला नाही तरी. तुम्ही वाचत असाल त्या दिवशीचा दर घालून आकडा काढा. दुकानाचा भाव या आकड्याच्या आसपास असेल तर रास्त. पाच टक्के खाली असेल तर फार विचार न करता घ्या. दहा टक्क्यांपेक्षा वर असेल तर एक तर ते तीन पंख्यांचं महागडं मॉडेल आहे किंवा टंचाई सुरू झाली आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात ३२ इंचांवरचे टीव्ही आणि मॉनिटर २८ वरून १८ टक्क्यांवर आले. ग्राफिक्स कार्डावर आधीही १८ टक्केच होता आणि नंतरही १८ च आहे. "जीएसटी कमी झाल्यामुळे खास भाव" असं कार्डाबद्दल कुणी सांगत असेल तर त्यात अर्थ नाही.

सणासुदीच्या सेलचा हिशेब करून पाहू. मोठ्या ऑनलाइन सेलमध्ये बँक कार्डावर १० टक्के सूट लिहिलेली असते आणि खाली बारीक अक्षरांत तिची कमाल मर्यादा. ती दीड हजार असेल तर ४५ हजारांवर सव्वातीन टक्के पडले. त्याच आठवड्यात मूळ भाव दोन हजारांनी चढवलेला असेल तर उलट नुकसान. कीपासारख्या साधनावर ॲमेझॉनच्या भावाचा आलेख दिसतो. गेल्या ९० दिवसांतला सर्वांत कमी भाव पाहा आणि तुलना त्याच्याशी करा, खोडलेल्या एमआरपीशी करू नका. कार्डाच्या खोक्यावरची एमआरपी इतकी फुगवलेली असते की तिचा काही उपयोग नाही.

नो कॉस्ट ईएमआयही पूर्ण फुकट नसतो. व्याजाइतकी सूट आधी देतात, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेते आणि प्रोसेसिंग फी वेगळी. ४५ हजार, सहा महिने, १५ टक्के दर धरला तर व्याज एकोणीसशेच्या घरात, त्यावर जीएसटी साडेतीनशेच्या आसपास, शिवाय दोन-तीनशे फी. मिळून सहाशेच्या आसपास. हप्त्यानं घेणं सोयीचं असेल तर जरूर घ्या, फक्त हे सहाशे सेलच्या सवलतीतून वजा करा.

साठा ओळखण्याच्या खुणा आता सांगतो. तीन ठिकाणी पाहायचं: एखादी मोठी ऑनलाइन बाजारपेठ, फक्त संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दोन-तीन वेबसाइट आणि प्रत्यक्ष बाजार. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच, नाहीतर तुमच्या गावातला भरवशाचा डीलर. हवं असलेलं कार्ड किती ब्रँडमध्ये उपलब्ध आहे ते मोजा. सात-आठ मॉडेलं उपलब्ध आणि सर्वांत स्वस्त मॉडेल वरच्या गणिताच्या जवळ असेल तर साठा पुरेसा आहे. दोनच मॉडेलं उरली आणि तीही महागातली असली तर साठा आटतोय. ही स्थिती पुढच्या महिन्यात सुधारेल असं क्वचितच होतं. कार्डासोबत फुकट गेम किंवा एसएसडीवर सूट मिळत असेल तर वितरकाला माल खपवायची घाई आहे. अशा वेळी घासाघीस करायला वाव असतो. आणखी एक खूण १६ जीबी आणि ८ जीबीच्या भावातल्या अंतराची. जाहीर अंतर ५० डॉलरचं, म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास. ते आठ-दहा हजारांवर गेलं की मेमरीची टंचाई तुमच्या दुकानापर्यंत पोचली असं समजा.

लॅमिंग्टन रोडला दुकानात शिरण्याआधी फोनवर विचारून घ्या आणि भाव जीएसटी बिलासह किती तेच विचारा. बिलाशिवाय दोन हजार कमी करून देणारा भाव घेऊ नका. कार्ड बिघडलं तर सर्व्हिस सेंटरला सीरियल नंबर आणि बिल लागतं, आणि वॉरंटी नसलेल्या कार्डाची पुढे विकतानाही किंमत उतरते. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: सुरुवातीच्या किती दिवसांत बिघडलं तर दुकानातूनच बदलून मिळेल, आणि त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का. कोल्हापूर किंवा लातूरहून कार्ड पुण्या-मुंबईला कुरिअर करावं लागणार असेल तर पाचशे रुपयांनी स्वस्त ब्रँडपेक्षा जवळ केंद्र असलेला ब्रँड बरा. काही ब्रँड ठरावीक मुदतीत ऑनलाइन नोंदणी केल्यास वॉरंटी वाढवून देतात. ती नोंदणी बिल हातात आलं त्याच दिवशी उरका.

तुम्ही व्हिडिओचं काम पैसे घेऊन करता, म्हणून वेळेबद्दल दोन जादा मुद्दे. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक सुरुवातीलाच घालायला सांगा. ४८,००० च्या बिलात कराचे ७,३२२ रुपये असतात आणि ते तुम्ही भरायच्या जीएसटीतून इनपुट क्रेडिट म्हणून वळते करता येतात. कुठलाही सेल एवढी सूट देत नाही. दुसरं, नियमित हिशेब ठेवून आयकर भरत असाल तर संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. पण वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी निम्माच. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत वापरात आणलेल्या कार्डावर पूर्ण, दिवाळीत घेतलेल्यावर अर्धा. उलाढालीचा ठरावीक टक्का उत्पन्न मानून कर भरणाऱ्यांना हा मुद्दा लागू नाही. आपल्या सीएला एकदा विचारा. आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की हाती काम असताना कार्ड बदलू नका. नवं कार्ड, नवा ड्रायव्हर आणि उद्या द्यायचं अल्बमचं काम एकत्र आलं की फार ओढाताण होते. कामासाठीचं कार्ड सीझनच्या निदान तीन आठवडे आधी बसवून झालेलं असावं.

अमेरिकेतून नातेवाइकांकरवी मागवण्याचा विचार अनेक घरांत होतो. ४२९ डॉलरवर तिथला विक्रीकर आठ-नऊ टक्के धरला तर ४६५ डॉलर, ९० च्या दरानं ४१,९०० च्या आसपास. इथल्या ४८ हजारांपेक्षा सहा हजारांनी स्वस्त. पण बऱ्याच ब्रँडची वॉरंटी ज्या देशात विकलं तिथपुरतीच असते आणि येणाऱ्याच्या सामानाची करमुक्त मर्यादा इतर वस्तूंनीही भरत असते. एक लाखावरच्या कार्डात फरक पंधरा हजारांच्या आसपास जातो, तिथे विचार करता येईल. तुमच्या बजेटमध्ये तीन वर्षांची इथली वॉरंटी सोडण्याइतकी ही बचत नाही.

सेकंडहँडची वेळ वेगळ्या नियमानं चालते. नवं कार्ड जाहीर झालं की पुढचे तीन-चार आठवडे जुनी कार्डं विकायला निघतात. विकणाऱ्यांना घाई असते, भाव मऊ असतो. टंचाई सुरू झाली की सेकंडहँडही दोन-तीन आठवड्यांत चढतं. किमतीचा माझा निकष असा: तेवढ्याच वेगाच्या नव्या कार्डाच्या निम्म्या किमतीपर्यंत, वॉरंटी शिल्लक असेल तर साठ टक्क्यांपर्यंत. जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० ही कार्डं आता कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ नंतर एन्व्हिडियाने त्यांच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर थांबवले, फक्त सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. ३०८० किंवा ३०९० घेत असाल तर मेमरीचं तापमान एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पाहा. जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना पोचली की कार्ड आपला वेग कमी करतं. पंधरा मिनिटांच्या लोडवर १०० च्या वर जाणाऱ्या कार्डाचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या) बदलावे लागतील, तो खर्च आणि खटाटोप भावात धरा. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये नावाच्या आधी फेक असं दिसलं तर ते जुन्या कार्डाचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून केलेलं बनावट आहे. तिथून निघा.

आता थांबण्याचा खर्च. ४५ हजारांचं कार्ड चार वर्षं वापरलं आणि शेवटी १५ हजारांना विकलं तर महिन्याला ६२५ रुपये पडतात. तीन हजार वाचतील म्हणून सहा महिने थांबलात तर महिन्याला पाचशे वाचवलेत आणि सहा महिने १६५० वर प्रीव्ह्यू अडखळत काम केलंत. वाचण्याची खात्री असेल तरच हे परवडतं. थांबणं खरोखर शहाणपणाचं असतं अशा वेळा मोजक्याच: तुमच्या बजेटमधलं नवं कार्ड येत्या महिनाभरात येणार असं कंपनीनं अधिकृतपणे जाहीर केलं असेल तेव्हा, किंवा लाखावरचं कार्ड डिसेंबरात घ्यायचं असेल तेव्हा. जानेवारीत लास वेगासला सीईएस प्रदर्शन असतं आणि वरच्या कार्डांचे बदल तिथे जाहीर होतात. जानेवारी २०२४ मध्ये ११९९ डॉलरच्या ४०८० ची जागा ९९९ डॉलरच्या ४०८० सुपरनं घेतली. डिसेंबरात घेणाऱ्यांचे २०० डॉलर गेले. मधल्या किमतीची कार्डं मात्र पिढीच्या सुरुवातीनंतर चार ते आठ महिन्यांनी येतात: ३०६० फेब्रुवारी २०२१, ४०६० जून २०२३, ५०६० मे २०२५. त्यामुळे जानेवारीत पुढची पिढी आलीच, तरी ४५ हजारांतलं कार्ड तुमच्या हाती उन्हाळा उलटल्याशिवाय येणार नाही. आणि नुसत्या अफवांवर थांबू नका. अफवेत किंमत नसते, साठाही नसतो.

तुमच्यासाठी दोन कार्डं उरतात. फक्त गेम असते तर ९०६० एक्सटी १६ जीबी सांगितलं असतं. ते पूर्ण सोळा लेन वापरतं, त्यामुळे बी४५० वर त्याला कमी त्रास होतो, आणि वरच्या गणितानं आठ-नऊ हजारांनी स्वस्त आहे. पण ब्लेंडरमधल्या रेंडर करणाऱ्या सायकल्समध्ये एन्व्हिडियाचं ऑप्टिक्स तंत्र बरंच पुढे आहे, आणि नव्या कॅमेऱ्यांतलं १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारं) फुटेज ५०-मालिका हार्डवेअरमध्येच डिकोड करते. लग्नाचं शूटिंग अशा फुटेजमध्ये होत असेल तर टाइमलाइनवरचा फरक लगेच जाणवेल. म्हणून बजेटपेक्षा तीन हजार जास्त गेले तरी ५०६० टीआय १६ जीबी. ८ बिट ४:२:० फुटेज असेल आणि ब्लेंडर फक्त हौस म्हणून, तर ९०६० एक्सटी घेऊन उरलेले पैसे एसएसडीत घाला. इंटेलचं बी५८० भावाला आकर्षक आहे, पण ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर त्याचा वेग बराच घटतो. तुम्ही ते टाळा.

एसएमपीएस बदलायची गरज नाही. ५०६० टीआय १८० वॉट घेतं, ३६०० नव्वदच्या आत, बाकी सगळं मिळून साठ. एकूण ३३० च्या आसपास. एन्व्हिडिया ६०० वॉट सुचवते ती हलक्या एसएमपीएसची धास्ती धरून. चांगल्या ब्रँडचा ८० प्लस ब्रॉन्झ ५५० वॉट पुरतो. सहा वर्षांचा विनाब्रँड असेल तर मात्र आधी तो बदला. एकाच आठ पिनच्या कनेक्टरवर चालणारं दोन पंख्यांचं मॉडेल निवडा. यूपीएस तपासा: ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच देतो. मॉनिटरही त्यावरच असेल तर गेम चालू असताना वीज गेली की यूपीएस ट्रिप होऊन पीसी धाडकन बंद पडेल. १००० व्हीए लागेल, तो बजेटमध्ये धरा.

कार्ड आणण्याआधी जुनं कार्ड बसलेलं असतानाच बोर्डाचा बायोस अद्ययावत करा, त्यातली सीएसएम ही जुनी सुरू होण्याची पद्धत बंद करून यूईएफआय या नव्या पद्धतीवर विंडोज सुरू होतं का पाहा आणि रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा. सीएसएम बंद करताना डिस्कची विभागणी जीपीटी या नव्या प्रकारची नसेल तर विंडोज उठत नाही, म्हणून हे आधी. काही जुन्या बोर्डांवर ५०६० टीआय सुरू होतानाच काळी स्क्रीन देत होतं. त्यासाठी एन्व्हिडियानं कार्डाच्या फर्मवेअरचा वेगळा अपडेट काढला आहे, तो डाउनलोड करून ठेवा. एएमडीचं कार्ड घेतलंत तर एन्व्हिडियाचा जुना ड्रायव्हर डीडीयू या सॉफ्टवेअरनं काढून टाका.

खोकं उघडताना सीलपासून सीरियल नंबरपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा. पहिल्याच दिवशी जीपीयू-झेडमध्ये मेमरी १६ जीबी, आरओपी ४८ आणि बस x८ ३.० आहे का पाहा. लेनचा आकडा कमी दिसला तर कार्ड नीट बसलेलं नाही. मग अर्धा तास ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीआरॅम (कार्डावरच्या मेमरीची) चाचणी, त्यात एकही त्रुटी चालत नाही. त्यानंतर तासभर खराखुरा गेम आणि एक लांब एक्सपोर्ट. बंद कॅबिनेटमध्ये कार्ड ७५ अंशांच्या आसपास राहिलं तर छान. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असते, तिथे ८३ पर्यंत धरा, त्यापुढे कॅबिनेटला पुढून एक पंखा वाढवा. हे सगळं बदलून मिळण्याच्या मुदतीत, म्हणजे पहिल्या आठवड्यातच उरका.

१६५० लगेच विकू नका. रायझन ५ ३६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही. उद्या नवं कार्ड वॉरंटीत द्यावं लागलं तर ते परत येईपर्यंत दोन-चार आठवडे जाऊ शकतात आणि तेवढे दिवस पीसी चित्रच दाखवणार नाही. जुनं कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून खोक्यात ठेवा.